विहिरीवरील विद्युत पंप बंद पडल्यास दोष कोठे शोधावा?

रब्बीच्या पिकास पाण्याची पाळी द्यावयाची असते, वीज आलेली असते, आणि नेमका त्याच वेळी पंप सुरू होत नाही. अशा प्रसंगी मोटार जळाली असे गृहीत धरून ती विहिरीतून अगर बोअरमधून वर काढण्याची घाई केली जाते. वस्तुतः दोष पुष्कळदा मोटारीत नसून तिच्यापर्यंत येणाऱ्या विजेत असतो. म्हणून तपासणी लाइनच्या बाजूने सुरू करून क्रमाने मोटारीकडे यावे. हा क्रम उलटा केल्यास बोअरमधील पंप काढण्याची मजुरी व्यर्थ जाते. आणि मूळ कारण तसेच राहिल्यामुळे नवी भरून आणलेली मोटारही थोड्याच दिवसांत जळते.

कोठेही हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा व किटकॅट काढून स्वतःजवळ ठेवावेत. पुढे सांगितलेली दिव्याची तपासणी चालू विजेवर करावयाची असल्याने ती जाणत्या वायरमनकडूनच, कोरड्या फळीवर उभे राहून, करवून घ्यावी. पंप चालू असताना विहिरीच्या पाण्यात कोणीही उतरू नये. डी.पी.वरील फ्यूज टाकण्याचे काम लाइनमनचे होय. पाण्याची पाळी चुकेल या धास्तीने ते स्वतः करू पाहणाऱ्या कित्येकांचे प्राण गेले आहेत.

शेतीपंपाच्या मोटारी बहुधा तीन फेजच्या असतात व कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे ४०० ते ४१५ व्होल्ट दाब असावा लागतो. तिन्ही तारांवर टेस्टर लागला की वीज पूर्ण आहे असे समजण्याचा प्रघात आहे, तो फसवा आहे. टेस्टरमधील दिवा अत्यल्प प्रवाहावरही लागतो. दाब किती आहे हे तो सांगत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या ११,००० व्होल्टच्या बाजूचा एक फ्यूज उडाला असता खालच्या बाजूस दोन फेजवर निम्माच दाब उरतो, तरी टेस्टर तिन्हींवर लागतो. मोटार चालू असताना एक फेज गेला, तर त्या मृत तारेवरही मोटारीतूनच उलट दाब येतो आणि टेस्टर तेथेही लागतो.

याऐवजी २३० व्होल्टचे, सारख्या वॅटचे, तारेचे दोन जुने बल्ब एकापुढे एक जोडून परीक्षणदिवा तयार करावा. (एल.ई.डी. बल्ब या कामी चालत नाहीत.) पंप बंद ठेवून हा दिवा पहिल्या-दुसऱ्या, दुसऱ्या-तिसऱ्या व तिसऱ्या-पहिल्या फेजमध्ये लावून पाहावा. तिन्ही वेळा उजेड सारखा पडला तर वीज ठीक आहे. एखाद्या जोडीवर दिवा मंद लागला अगर लागलाच नाही, तर मोटार सुरू करू नये. ही परीक्षा प्रथम मेन स्विचच्या वरच्या बाजूस, मग फ्यूजच्या पुढे, आणि शेवटी मोटारीच्या तारा सोडवून चालू स्टार्टरच्या खालच्या टोकांवर करावी. ज्या दोन ठिकाणांच्या दरम्यान उजेड हरवतो, तेथेच दोष असतो. उडालेला फ्यूज, सैल झालेला स्क्रू, काळवंडलेली ॲल्युमिनियमची तार किंवा स्टार्टरमधील झिजलेले संपर्कबिंदू, यांपैकी काहीतरी तेथे सापडते.

एक फेज नसताना थांबलेली मोटार नुसती घुमते, फिरत नाही. चालू मोटारीचा एक फेज गेला तर ती फिरत राहते खरी, परंतु उरलेल्या दोन तारांतील प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो. स्टार्टरची कॉइल दोनच फेजवर जोडलेली असल्याने तिसरा फेज गेला तर ती सुटत नाही. त्या वेळी मोटार वाचविणारे साधन म्हणजे ओव्हरलोड रिले, आणि पुष्कळ विहिरींवर तोच निकामी करून ठेवलेला आढळतो. फ्यूजमध्ये जाड तार घालणे हाही त्यातलाच प्रकार.

रिलेचा काटा मोटारीच्या पाटीवरील अँपिअरइतकाच ठेवावा. ५ अश्वशक्तीच्या मोटारीस पूर्ण भाराला सुमारे ७.५ अँपिअर लागतात. पाणबुडी मोटारीस थोडे अधिक. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मोटारीच्या गुंडाळ्यांकडे जाणाऱ्या तारांत बसविलेला असल्यास तो या आकड्याच्या ५८ टक्क्यांवर ठेवावयाचा असतो, हे कित्येक कारागिरांच्याही ध्यानात नसते. रिले वारंवार सुटत असेल तर काटा पुढे सरकविण्यापूर्वी दाब मोजावा. दाब ४०० वरून ३०० व्होल्टवर आला तर मोटारीचा जोर निम्म्याच्या जवळ येतो, आणि तेवढेच पाणी उचलताना ती अधिक प्रवाह ओढून तापते. दाब ठीक असेल तर बेअरिंग आवळले आहे काय, पंपात वाळू अडकली आहे काय, हे पाहावे.

लाइनचे काम झाल्यानंतर पंप चालतो पण पाणी अगदी कमी पडते, अशी तक्रार असल्यास मोटार उलटी फिरत असण्याचा संभव असतो. कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की काम होते.

घरगुती एकफेजी पंप घुमून थांबत असेल तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. स्विच बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते, म्हणून ती उतरविल्याविना त्यास स्पर्श करू नये.

इतके पाहूनही दोष न सापडल्यास मोटारीच्या तारा सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने गुंडाळी व जमीन यांमधील रोध मोजावा. तो एक मेगोहमहून कमी भरल्यास गुंडाळीत अगर केबलच्या सांध्यात पाणी शिरले आहे असे समजावे व पंप वर काढावा.

मोटार भरावयास दिली तर जुनी गुंडाळी काढण्यापूर्वी ती आपल्यासमोर उघडावयास सांगावे. सर्व कॉइली सारख्याच काळ्या पडल्या असतील तर कमी दाब किंवा जादा भार हे कारण. काही कॉइली कोळसा झालेल्या व मधल्या अगदी स्वच्छ असतील तर एक फेज गेला होता हे निश्चित. स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइली जळतात, डेल्टा जोडणीत एकाच फेजच्या. तसे दिसल्यास मोटार परत येण्यापूर्वी स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवून घ्यावा.