घरकर्ज लवकर फेडताना हिंमत टिकवा

व्यापारी व कारागीर बंधूंनो, 10 लाखांचे घरकर्ज 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 9,000 रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातले 7,500 व्याजात जातात, मुद्दल जेमतेम 1,500 ने घटते. इथेच माणूस खचतो. पण व्याजदर तोच राहून दरमहा 1,000 रुपये जादा भरले, तर कर्ज साडेपंधरा वर्षांत फिटते. सुमारे 3 लाखांचे व्याज वाचते.

जालन्याच्या बाजारात कमाई हंगामाची. म्हणून रमजान ईद, दिवाळी व लग्नसराईच्या गल्ल्यातून ठरावीक हिस्सा आधीच बाजूला काढावा. मालाच्या भांडवलाला मात्र हात लावू नये. जादा रक्कम मुद्दलात जमा करून हप्ता तोच ठेवावा व मुदत कमी करावी, असे बँकेला लेखी द्यावे. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना 2012 पासून घेता येत नाही.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. तीच शिस्त इथे पाळा. उरलेले मुद्दल दरमहा वहीत लिहा, घरच्यांना दाखवा. 20 वर्षे डोंगर वाटतात; एकेक लाखाचा टप्पा नजरेत राहतो.