घोड्याच्या दाढा : पाहाव्यात कशा, केव्हा आणि कोणाकडून

घोड्याचा दात एकदा उगवून थांबत नाही. तरुणपणी त्याचा बराचसा भाग जबड्याच्या हाडात दडलेला असतो आणि वरचा भाग झिजेल तसा तो वर्षाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर बाहेर सरकतो. हा साठा पंचवीस-तीस वर्षे पुरतो. पूर्ण वाढलेल्या घोड्याला बहुधा 40 दात असतात : पुढचे 12, सुळे 4 आणि दाढा 24. घोडीला सुळे सहसा येत नाहीत, म्हणून तिचे 36. काही जनावरांना वरच्या पहिल्या दाढेपुढे एक इवलासा जादा दात येतो. लगामाची कडी त्याच्यावर आपटत असेल तर तो काढावा लागतो.

पुढचे दात पाहून वय ओळखण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत घोड्याचे पुढचे दात तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी पडून नवे येतात, असे नोंदवले आहे. आजचे पशुवैद्यक अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षे सांगते, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पुढे सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान खालच्या दातांवरचे खळगे झिजून जातात. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीलगत एक उभी खाच दिसू लागते. विसाव्या वर्षी ती दाताच्या टोकापर्यंत पोहोचते. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत सौद्याच्या वेळी ओठ उचलून हेच पाहतात. मात्र हे वय पाहणे झाले. दुखणे बहुतेक वेळा दाढांत असते, आणि ओठ उचलून दाढा दिसत नाहीत.

दाढा बिघडतात त्या जबड्याच्या ठेवणीमुळे. खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड पुरती घासली जात नाही व धारदार होते. दिवसभर चरणारा घोडा जबडा आडवा फिरवत लांब गवत चघळतो, तेव्हा ही झीज बरीचशी सारखी होते. ठाणावर बांधून चंदीवर पोसलेल्या घोड्याचे चघळणे कमी आणि उभे होते. वरची कड मग गालाला आणि खालची जिभेला कापते.

गोंदिया तालुक्यात वरातीसाठी पाळलेल्या एका घोडीची हकिगत प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातली आहे. ऐन लग्नसराईत ती खंगत गेली. मालकाने हरभरे वाढवले, जंताचे औषध दिले. तरी लिदेत अख्खे हरभरे पडत राहिले. मान कलती करून ती चघळे आणि अर्धवट चावलेल्या गवताचे ओले गोळे खाली टाकी. लगाम लावताना डोके झटकते म्हणून तिला खोडकर ठरवून काटेरी कडी घातली गेली. मग एका फिरत्या कारागिराने तोंड दाबून धरून कानस फिरवली. पुढचे दात सपाट झाले, दाढांना हातही लागला नाही. अखेर पशुवैद्यांनी गुंगीचे इंजेक्शन देऊन तोंड उघडले, तेव्हा दोन्ही गालांत आतून जुन्या जखमा होत्या आणि खालच्या शेवटच्या दाढेवर वाढलेला आकडा वरच्या हिरडीत रुतत होता. कडा घासल्यावर घोडी खाऊ लागली, पण तोवर हंगाम सरला होता.

लिदेतले अख्खे दाणे, गवताचे गोळे, डोके झटकणे, तोंडाची दुर्गंधी, लाळ यांतले एकही चिन्ह दिसले तर खुराक वाढवण्याआधी तोंड तपासून घ्यावे. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर वेळ दवडू नये. वरच्या मागच्या दाढांची मुळे नाकाशेजारच्या पोकळीला लागून असतात. तिथला संसर्ग नाकावाटे बाहेर पडतो. काटेरी कडी कोणत्याही कारणाने वापरू नये; ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 साली केलेल्या नियमांत तिला मनाई आहे.

तपासणी खाण्यापासून सुरू होते. घोडा दोन्ही बाजूंनी चघळतो का, ते आधी पाहावे. गालावरून बाहेरूनच दाढांच्या रेषेवर बोटे दाबली की दुखरी बाजू बहुधा कळते. पुढचे काम पशुवैद्याचे : तोंड धुणे, गुंगी देणे, जबडा उघडा ठेवणारा चाप बसवणे, कपाळावरच्या दिव्याने आणि आरशाने शेवटच्या दाढेपर्यंत पाहणे. चापाशिवाय तोंडात हात घालणाऱ्याची बोटे जाऊ शकतात. घासताना फक्त धार मोडायची असते. दात गुळगुळीत करण्याच्या नादात जास्त झीज केली तर आतला जिवंत गर उघडा पडतो. मोठा आकडा असेल तर तो काही महिन्यांच्या अंतराने, थोडाथोडा उतरवावा. धनुर्वाताची लस झालेली आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

गोंदिया जिल्ह्यात खाद्याचा विचार वेगळा करावा लागतो. भातगिरण्यांमुळे कोंडा स्वस्त आणि मुबलक मिळतो, पण त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. तोच मुख्य खुराक झाला तर शरीर हाडांतले कॅल्शियम ओढून घेते, जबड्याची हाडे फुगतात आणि दाढा सैल होतात. युरोपात हा रोग पीठगिरणीवाल्यांच्या घोड्यांत इतका दिसे की तो त्यांच्याच नावाने ओळखला गेला. कोंडा मोजकाच द्यावा, सोबत लसूणघास आणि पशुवैद्य सांगतील तेवढी चुनखडीची भुकटी असावी. चघळता न येणाऱ्या घोड्याला धानाचे तणस देऊ नये. ते आतड्यात अडकून पोटशूळ उठतो. मऊ आणि स्वस्त म्हणून लाखोळीची चुनी तर कधीच नको. ती सतत खाल्ल्यास घोड्याचे मागचे पाय लुळे पडतात आणि घशाच्या पक्षाघाताने श्वास घुसमटतो.

वेळापत्रक वयानुसार ठरवावे. अडीच ते पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, कारण या काळात दुधाच्या दाढांची टोपणे नव्या दाढांवर अडकून राहतात. नंतर वर्षातून एकदा. पंधरा-अठराच्या पुढे पुन्हा सहामाही, कारण म्हाताऱ्या घोड्याच्या दाढा हलू लागतात आणि त्यांच्या फटींत चारा कुजतो. वरातीच्या घोड्यासाठी वार्षिक तपासणी आषाढी एकादशीनंतर लगेच ठेवणे सर्वांत सोयीचे. चातुर्मासात लग्ने नसतात, आणि काही निघालेच तर तुळशीच्या लग्नापर्यंत तोंड बरे व्हायला पुरेसा अवधी मिळतो.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी दाखवावे. 1962 या क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करता येते. दाढ काढण्याची किंवा क्ष-किरणाची वेळ आली तर 1958 पासून चालणारे नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गोंदियाहून रेल्वेमार्गाने सुमारे 130 किलोमीटरवर आहे. प्रत्येक तपासणीची तारीख, कोणत्या बाजूची कितवी दाढ घासली आणि पुढे काय पाहायचे, हे एका वहीत पशुवैद्यांकडूनच लिहून घ्यावे. घोडा विकला तर ती वही नव्या मालकाच्या हाती द्यावी.