गुणांआधी झोपेची विचारपूस

परिचर्येच्या शिक्षणात ज्या विद्यार्थिनीचे गुण अकस्मात घसरतात, जिची हजेरी तुटक होते आणि जर्नल सहीसाठी वेळेवर येत नाही, तिला आळशी ठरवून वडिलांना बोलावणे धाडण्यापूर्वी तिला झोप लागते की नाही हे विचारावे, असे मी लातुरात शिकविताना आग्रहाने सांगत असते. कारण नांदेडला मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षी असताना हा प्रश्न मला कोणी विचारला नाही, आणि ते सबंध वर्ष व्याधीने गिळले.

आमच्या मुलखात बारावीचे गुण हीच मुलीची लायकी मानण्याची रीत लातूर पॅटर्नच्या कीर्तीबरोबर घरोघर पोहोचली. नीटमध्ये थोडक्यात मागे राहिलेल्या कितीतरी मुली पराभवाचे शल्य उरात घेऊनच नर्सिंगला येतात, आणि सकाळची ड्यूटी, दुपारचे तास, रात्रीचे केअर प्लॅन यांच्या ओघात, वयाच्या विशीपूर्वीच, खाटेवरचा मृत्यूही पाहतात.

माझ्या दुखण्याची पहिली खूण टी.पी.आर.च्या, म्हणजे ताप, नाडी व श्वसनाच्या, तक्त्यावर उमटली. मेडिकल वॉर्डात मी नाडी पूर्ण मिनिटभर मोजी, आणि पेन टेकवेपर्यंत आकडा मनातून पुसला जाई. पुन्हा मनगट धरावे, पुन्हा तेच. किनवटकडच्या त्या रुग्णाची म्हातारी आई उशाशी बसून हे पाहत होती; ती हळूच म्हणाली, "बाई, तुलाच बरं नाही दिसत. भाकर खाल्लीस का?" मनोविकार परिचर्येचा विषय त्याच वर्षी चालू होता आणि उदासविकाराची लक्षणे वर्गात सर्वांना मुखोद्गत होती; तरी माझी विचारपूस केली ती या निरक्षर बाईने. संस्थेने मात्र माझ्याकडून गैरहजेरीचा लेखी खुलासा मागविला आणि तो वर्गासमोर वाचायला लावला.

भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार परीक्षेस बसण्यासाठी 80 टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के पुरी करावी लागते; सबब आजारात बुडालेली ड्यूटी माफ होत नाही, ती सावकाराच्या व्याजासारखी साचते, आणि त्या धाकाने मुलगी डॉक्टरकडे जायचेच टाळते. नियम योग्य आहे, रुग्णाच्या हिताचा आहे. म्हणूनच रजेचा अर्ज व वैद्यकीय दाखला पहिल्याच आठवड्यात दप्तरी दाखल करावा.

दोन आठवडे मन सतत खिन्न राहिले, कशात रस वाटेनासा झाला, झोप, भूक व एकाग्रता ढळली, तर परीक्षा संपण्याची वाट पाहू नये. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मनोविकार विभाग आहेत. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटताच ते मनानेच बंद करणे घातक ठरते. मला उतार पडला तो याच उपचाराने. रात्रपाळी झोप मोडते, म्हणून ती तूर्त नको असल्यास डॉक्टरांकडून तसे लिहून घ्यावे. आणि ज्या दिवशी आकडे डोक्यात राहत नाहीत, त्या दिवशी औषधांची ट्रॉली आपल्याकडे नको, हे इन्चार्ज सिस्टरांना निःसंकोच सांगावे.

जगणे नकोसे वाटू लागले तर एकटीने रात्र काढू नये. मैत्रिणीला उठवावे, वॉर्डनबाईंना सांगावे, किंवा 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर बोलावे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ही सेवा विनामूल्य असून अहोरात्र चालते, व तिथे मराठीत बोलता येते. गावात बोभाटा होईल ही भीती मी पुष्कळ मुलींच्या तोंडून ऐकते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हे त्यांच्या आईवडिलांनाही मी समजावते. अशा मुलींची आजारपणात राहिलेली ड्यूटी मी सुट्टीत थोडी थोडी लावून देते, आणि त्या वेळापत्रकावर मेट्रनबाईंची सही आधीच घेऊन ठेवते, म्हणजे पुढे हजेरीबद्दल तक्रार उरत नाही.