विंचवाचे विष आणि रोहिणीचे कुलूप

श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्यांतून हिंडताना जांभ्या दगडांच्या गडग्यात किंवा सरपणाच्या ढिगात हात घालू नका, असे वडीलधारी माणसे बजावतात. तिथे लाल विंचू दडलेला असू शकतो. त्याच्या दंशाने माणूस, विशेषतः लहान मूल, दगावू शकते. हे विष शरीरात नेमके करते काय, ते आपण पाहू या.

बारीक रोहिण्यांच्या भिंतीत स्नायू असतात. अनुकंपी चेतातंतूंची टोके त्यांच्याजवळ येऊन थांबतात. टोकांतील सूक्ष्म पिशव्यांत नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन साठवलेले असते. संदेश आला की ते बाहेर पडते आणि स्नायूवरील ‘आल्फा-१’ ग्राहीवर बसते. ग्राही हे कुलूप, तर रसायन ही किल्ली. किल्ली लागली की स्नायू आकुंचन पावतो, रोहिणी अरुंद होते आणि रक्तदाब वाढतो.

आता गंमत पाहा. खुद्द चेतातंतूच्या टोकावरही ‘आल्फा-२’ नावाचे ग्राही असतात. बाहेर पडलेले रसायन त्यांवर बसले की पुढचा स्राव कमी होतो. टाकीत पाणी वर आले की तरंगणारा गोळा नळ बंद करतो, तसाच हा प्रकार.

लाल विंचवाचे विष चेतातंतूंतील सोडियमची दारे वेळेवर बंद होऊ देत नाही. तंतू पुन्हा पुन्हा उद्दीपित होतात आणि नॉरॲड्रेनॅलिनचा लोंढा सुटतो. या लोंढ्यापुढे गोळ्याचे काही चालत नाही. रोहिण्या आवळतात, हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो. आवळलेल्या रोहिण्यांतून रक्त ढकलताना हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साठते.

याच रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथे १९७६ साली डॉ. हिंमतराव बावसकर सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. असे रुग्ण त्यांनी रात्र-रात्र उशाशी बसून पाहिले. रक्तदाबावरचे ‘प्राझोसिन’ हे औषध त्यांनी या रुग्णांना देऊन पाहिले. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याविषयीचे टिपण प्रसिद्ध झाले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले.

पण प्राझोसिनच का? दोन्ही प्रकारचे ग्राही अडवणारी औषधेही आहेत. त्यांनी रोहिणी सैल होते, पण आल्फा-२ अडल्यामुळे टाकीतला गोळाही काढून टाकल्यासारखे होते. स्राव आणखी वाढतो आणि हृदयाची धडधडही वाढते. प्राझोसिन मुख्यतः आल्फा-१ अडवते. रोहिणी सैल होते आणि स्रावावरचा लगाम शाबूत राहतो. पुढे २०११ मधील एका चाचणीत प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, असे दिसून आले.

मात्र हे औषध घरी घेण्याचे नव्हे. विंचू चावला तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी: प्राझोसिन दिलेल्या रुग्णाला एकदम उठून उभे राहू देत नाहीत. का बरे? उभे राहिल्यावर रक्त पायांकडे उतरते, तेव्हा एरवी रक्तवाहिन्या काय करतात, याचा विचार करा.