परसबाग आणि घरच्या पाण्याचा हिशेब

(इयत्ता चौथी ते सातवीच्या शिक्षकांसाठी. विषय : परिसर अभ्यास, गणित व कार्यानुभव)

१. पाठाची भूमिका

पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंत ऋतूचे महिने होत. या दिवसांत कडुनिंबास नवी पालवी फुटते, आंब्यास कैऱ्या धरतात आणि मुलांच्या मनात अंगणात काहीतरी लावावे अशी हौस उत्पन्न होते. युरोपातील थंड देशांत याच सुमारास गोठलेली जमीन मोकळी व उबदार होते. म्हणून तेथील बालपुस्तकांत बागेचा आरंभ वसंतात करावा असे सांगितलेले असते. मराठवाड्यात परिस्थिती नेमकी उलट आहे. येथे वसंत म्हणजे विहिरींचे पाणी तळाशी जाण्याचा काळ. परक्या हवामानाचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलले, तर मुलांनी पाडव्याला लावलेली रोपे अक्षय्य तृतीयेपर्यंत करपून जातात आणि त्यांबरोबर मुलांचा उत्साहही करपतो.

सेनगाव तालुक्यातील साखरा व त्याच्या आसपासच्या गावांचा विचार या दृष्टीने करावा. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा दख्खनच्या काळ्या कातळावर वसलेला आहे. येथील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून तीस भेगा पडतात. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. पाण्याची चणचण किती विकोपास जाऊ शकते, हे मराठवाड्याने २०१६ साली पाहिले. त्या वर्षी एप्रिल महिन्यात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

यावरून परसबागेचे पहिले सूत्र निघते. बाग अंगणाच्या लांबी-रुंदीवरून आखू नये; घरात वापरून रोज बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या मापाने आखावी.

दुसरी गोष्टही शिक्षकाने ध्यानात ठेवावी. बागेसाठी वेगळे पाणी आणावयाचे म्हटले, तर तो हंडा बहुधा घरातील आईच्या किंवा थोरल्या बहिणीच्या डोक्यावर येतो. मुलाला मिळालेल्या गृहपाठाने त्याच्या आईची एक खेप वाढत असेल, तर तो गृहपाठ चुकीचा होय. एकही जादा हंडा न आणता जेवढी बाग जगेल, तेवढीच लावावयाची, अशी अट पहिल्याच दिवशी वर्गात सांगावी.

२. शाळेऐवजी घर का?

शाळांतील पोषणबागांसाठी केंद्र शासनाने २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि अनेक शाळांनी उत्तम बागा उभ्या केल्या आहेत. परंतु उन्हाळी सुटीत शाळा बंद राहते आणि पाणी देणारे हात घरी जातात. घरास सुटी नसते. तेथे रोज स्नान होते, रोज धान्य धुतले जाते. म्हणून शाळेच्या बागेस पूरक म्हणून, आणि उन्हाळ्यापुरती तरी मुख्य म्हणून, घरची परसबाग हाती घेणे हितावह आहे.

या कामाचे महत्त्व केवळ शोभेचे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी ६७.१ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. एका वाफ्याने हा प्रश्न सुटणार नाही, हे खरे. परंतु उन्हाळ्यात बाजारातील भाजी महाग होते, तेव्हा दारची राजगिऱ्याची किंवा माठाची जुडी आणि त्यावर पिळलेले लिंबू यांचे मोल मोठे आहे. पालेभाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यास लिंबातील क जीवनसत्त्वाचे साहाय्य होते.

३. पाण्याचा हिशेब

प्रथम मुलांनी आठ दिवस घरी मोजदाद करावी. घरच्या बादलीत किती लिटर पाणी मावते हे लिटरच्या मापाने ठरवावे आणि रोज न्हाणीतून व स्वयंपाकघरातून किती पाणी बाहेर पडते ते वहीत लिहावे. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. प्रत्यक्षात ते कमी-अधिक मिळेल. म्हणून पुस्तकातील आकडा न घेता स्वतःच्या घरचाच आकडा घ्यावा.

नमुन्यादाखल पाच माणसांचे एक घर घेऊ.

स्नानाचे पाणी : ५ माणसे × १५ लिटर = ७५ लिटर.
डाळ, तांदूळ व भाज्या धुतल्याचे पाणी : सुमारे १० लिटर.

आता बागेची गरज पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी पसरले, तर ते बरोबर एक लिटर भरते. हे मुलांस पर्जन्यमापकाच्या पाठात सांगितलेले असतेच. चैत्रातील उन्हात भाजीच्या वाफ्यास दिवसाला साधारण ८ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर दर चौरस मीटरास ८ लिटर पाणी लागेल. त्यावरून पुढील वाटणी करता येते.

पालेभाजीचा १ चौरस मीटर वाफा : ८ लिटर (धान्य-भाज्या धुतल्याच्या पाण्यातून).
भेंडी, गवार व दोडका यांचा ५ चौरस मीटर वाफा : ४० लिटर (स्नानाच्या पाण्यातून).
एक केळ २० लिटर, एक पपई १० लिटर, एक कढीपत्ता ५ लिटर : एकूण ३५ लिटर (स्नानाच्या पाण्यातून).

४० व ३५ मिळून ७५ लिटर झाले. अंगण कितीही मोठे असले, तरी या घरची उन्हाळी बाग एवढीच.

यानंतर शिक्षकाने कठीण प्रश्न विचारावा. वैशाखात पाणी कमी झाले आणि स्नानास माणशी १० लिटरच मिळू लागले, तर ७५ ऐवजी ५० लिटर उरतील. मग काय राखावे व काय सोडावे? मुलांस वाद घालू द्यावा. शेवटी असे दिसून येईल की, झाडे पुढेही फळ देणारी असल्यामुळे त्यांचे ३५ लिटर आधी बाजूस काढावेत. उरलेल्या १५ लिटरांत दोन चौरस मीटरांहूनही कमी वाफा जगेल. बाकीचा वाफा वेळीच मोडून त्यावर काडीकचरा पसरावा. सर्वच रोपांस थोडे थोडे पाणी देत राहिल्यास सर्वच वाळतात.

४. कोणते पाणी कोठे द्यावे?

धान्य व भाज्या धुतल्याचे पाणी स्वच्छ असते. ते पालेभाजीस सरळ द्यावे. स्नानाचे पाणी आधी गाळावे. फुटक्या माठाच्या तळाशी गोटे, त्यावर बारीक खडी व वर जाड वाळू घालून तो न्हाणीच्या तोंडाशी ठेवला की साबणाचा फेस व मळ बराचसा अडतो. हे पाणी रोपांच्या मुळाशी द्यावे, पानांवर शिंपडू नये, आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीस मुळीच देऊ नये.

कपडे धुतल्याचे सोड्याचे पाणी बागेस वर्ज्य समजावे. त्यात सोडियमचे क्षार असतात. काळ्या मातीत सोडियम साठला की तिचे कण विलग होतात. माती ओली असता चिकट आणि वाळली असता दगडासारखी कठीण होते व मुळांस हवा मिळत नाही. तान्ह्या मुलांचे कपडे धुतल्याचे आणि संडासाचे पाणीही बागेत येऊ देऊ नये. असे नको असलेले धुणवळीचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून उघडी गटारे नाहीशी केली, हे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे.

पाणी कोठेही आठ दिवस साचून राहता कामा नये. डासाच्या अंड्यापासून डास तयार होण्यास सुमारे आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी, रांजण व कुंड्यांखालील ताटल्या रिकाम्या करून कोरड्या कराव्यात.

५. थोड्या पाण्यात बाग जगविण्याच्या युक्त्या

(अ) आच्छादन. सोयाबीनचे कुटार, तुरीचे भूस किंवा हळदीचा वाळलेला पाला वाफ्यावर चार बोटे जाड पसरावा. हळदीची काढणी याच दिवसांत होत असल्याने हा पाला जिल्ह्यात सहज मिळतो. ऊन मातीस थेट न लागल्यामुळे ओल टिकते.

(आ) मातीची भर. भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. म्हणून पाणी दिल्यावर वाफसा येताच खुरप्याने वरची माती हलवून भेगा बुजवाव्यात. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, हा शेतकऱ्यांचा अनुभव परसबागेसही लागू पडतो.

(इ) पुरलेले मडके. न रंगविलेले कच्छे मडके नव्हे, तर भाजलेले साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, त्यात पाणी भरून वर झाकण ठेवावे आणि भोवती दोडक्याचे किंवा काकडीचे बी लावावे. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपते व थेट मुळांस मिळते. चीनमधील फान शंगझी याने इ. स. पूर्व पहिल्या शतकातील आपल्या शेतीग्रंथात ही रीत नोंदविली आहे. महादेवाच्या पिंडीवर उन्हाळ्यात लावलेली गळती मुलांनी पाहिलेली असते. थेंबाथेंबाने दिलेले पाणी कसे पुरते, हे त्या उदाहरणाने त्यांस लवकर उमजते.

(ई) सावली व कुंपण. तुराट्या व पऱ्हाट्यांचा कूड घालावा. त्याने शेळ्या-कोंबड्या अडतात आणि पश्चिमेचे ऊनही थोडे अडते.

६. पावसाळ्याची पूर्वतयारी

वसंतातील सर्वांत उपयुक्त कामे अशी आहेत की ज्यांस पाणी लागतच नाही किंवा फारच थोडे लागते.

पहिले काम खड्ड्यांचे. लिंबू, पेरू, सीताफळ व शेवगा यांसाठी दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे चैत्रात खणून उन्हात तापू द्यावेत. त्यामुळे मातीतील किडी व त्यांची अंडी बऱ्याच अंशी मरतात. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. त्यापूर्वी खड्डे माती व खताने भरावेत आणि चांगला पाऊस झाल्यावर रोप लावावे.

दुसरे काम खताचे. गळलेली पाने जाळून टाकण्याची चाल सोडावी. हिंगोलीलगतच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी जाळीदार विटांच्या टाक्यात पालापाचोळा, शेण व माती यांचे थर देऊन खत करण्याची पद्धत शोधली. ती त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. तिला तीन-चार महिने लागतात. घरी लहान खड्ड्यातही असेच थर देऊन वर मातीने लिंपता येते. चैत्रात भरलेला खड्डा पावसाळ्यात उपयोगी पडतो.

तिसरे काम बियांचे. वेलीवरच वाळलेला दोडका व भेंडी यांचे बी काढून कोरड्या राखेत मिसळून ठेवावे. पेरण्यापूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून किती उगवतात ते पाहावे. आठ उगवल्या तर उगवण ८० टक्के, हे शेकडेवारीचे सोपे उदाहरण होते. निंबोळ्या मात्र साठवू नयेत. त्यांची उगवणशक्ती थोड्याच आठवड्यांत जाते, म्हणून ताज्याच लावाव्यात.

७. शिक्षकांस सूचना

कामे सकाळी नऊच्या आत उरकावीत. दगड व पाचोळा हाताने न उचलता आधी काठीने हलवावा. खाली विंचू किंवा साप असण्याचा संभव असतो. खणलेल्या खड्ड्यांवर फळ्या किंवा काटेरी फांद्या टाकाव्यात, म्हणजे लहान मुले व वासरे पडणार नाहीत. ज्या मुलाच्या घरी अंगण नाही, त्याने एका मडक्यात कढीपत्ता लावला तरी त्याचे काम पूर्ण समजावे. मोठी बाग करणाऱ्यास अधिक गुण न देता, ज्याची वही व बाग यांचा मेळ बसतो त्यास द्यावेत.

८. अभ्यास

१. तुमच्या घरी आठ दिवसांत वापरून बाहेर पडलेल्या पाण्याची रोजची सरासरी काढा.
२. दर चौरस मीटरास ८ लिटर या प्रमाणाने त्यात किती मोठा वाफा जगेल? वैशाखात १० लिटर लागू लागले तर?
३. सोड्याचे पाणी काळ्या मातीस का अपायकारक आहे?
४. आच्छादन घातलेल्या व न घातलेल्या जागेची माती चार बोटे खोल उकरून पाहा आणि काय फरक आढळला ते लिहा.
५. तुमच्या घरी पाणी कोण आणते, दिवसाला किती खेपा होतात, हे विचारून लिहा. बाग लावल्यानंतर महिन्याने तीच मोजणी पुन्हा करा. खेपा वाढल्या असल्यास बाग लहान करा.