पक्षाघातानंतरची मालिश : किती खर्च करावा, कुठे हात आखडावा

पक्षाघाताचा रुग्ण दवाखान्यातून घरी आला की आठवडाभरात कोणीतरी मालिशवाल्याचा नंबर देतोच. फोन जरूर लावा, पण त्याआधी घरातल्या सगळ्यांनी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. लुळा पडलेला हात पुन्हा काम करू लागतो तो मेंदू तीच हालचाल परत परत करून नव्याने शिकतो म्हणून, आणि ही सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते. मालिशीने आखडलेले स्नायू काही काळ सैल होतात, दुखणं कमी होतं, झोप लागते, घाबरलेल्या माणसाला धीर येतो. मालिशीनंतर व्यायामही सोपा जातो. तिचं काम एवढंच, आणि ते मोलाचं आहे. म्हणून पैसे आधी फिजिओथेरपीसाठी बाजूला काढा, मग मालिशीचा विचार करा.

पुण्या-मुंबईत घरी येणारा फिजिओथेरपिस्ट एका भेटीचे साधारण ५०० ते १,००० रुपये घेतो. आठवड्यातून पाच दिवस, ६०० रुपयांच्या दराने, महिन्याला तेरा हजारांच्या आसपास जातात. मालिशवाला तासाला ३०० ते ७०० घेतो. पंचकर्म केंद्रात अभ्यंग (तेलमालिश) आणि स्वेदन (वाफेचा शेक) मिळून एका वेळचे हजार ते अडीच हजार. त्यात रुग्णाला नेण्या-आणण्याचं भाडं आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली रोजी धरा. लहान शहरांत दर कमी असतात. २१ दिवसांचं पॅकेज आगाऊ भरू नका. दोन-तीन वेळा करून बघा, पावती मागा. ‘महिन्याभरात चालायला लावतो’ असं जो छातीठोकपणे सांगेल, त्याला घरातच घेऊ नका. कबुतराच्या रक्ताच्या मालिशीवर आजही लोक पैसे घालवतात. तिचा काडीचाही उपयोग नाही.

खाजगी दर झेपत नसतील तर मुंबईत वरळीचं पोदार आयुर्वेद रुग्णालय आणि हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. जिल्हा रुग्णालयातही फिजिओथेरपी विभाग असतो का, ते विचारा.

सर्वांत स्वस्त आणि बहुतेकदा पुरेसा मार्ग घरचाच. फिजिओच्या एका भेटीत हात कसा धरायचा, किती दाबायचं, हे घरातल्या दोघांनी शिकून घ्यावं. कोमट तिळाचं तेल, हलका हात, पंधरा-वीस मिनिटं, आणि लगेच व्यायाम. महागड्या तेलाने गुण जास्त येतो असं नाही.

आता जिथे चूक जिवावर बेतू शकते ते. लुळ्या पायाची पोटरी सुजली, गरम लागली किंवा दुखू लागली तर तिला हात लावू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मान दाबणं, कडकडा मोडणं पूर्ण वर्ज्य, कारण मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या तिथूनच जातात. लुळा हात ओढून उचलला तर खांदा निखळू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोराच्या दाबाने आत रक्त साकळू शकतं. बधिर अंगाला चटका कळत नाही, म्हणून गरम पोटली आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. मालिश सुरू करण्याआधी ती चालेल का, हे न्यूरॉलॉजिस्टना विचाराच. मालिशवाला ‘काही होत नाही’ म्हणाला म्हणून विचारायचं टाळू नका.

विम्याचंही बघा. बऱ्याच पॉलिसी डिस्चार्जनंतर ६० किंवा ९० दिवसांचा त्याच आजाराचा खर्च देतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली आणि बिल असलेली फिजिओथेरपी त्यात बसू शकते. मालिशवाल्याचे रोख पैसे बसत नाहीत. आयुर्वेदिक उपचारांना सहसा मान्यताप्राप्त रुग्णालयात भरती व्हावं लागतं. डिस्चार्जच्या कागदावर ‘फिजिओथेरपी’ हा शब्द लिहून घ्यायला विसरू नका.