फ्रेंच शिकताना देवनागरी बाजूला ठेवा

फ्रेंचच्या नव्या विद्यार्थ्यांच्या वह्या पुण्यातल्या असोत, नाशिकच्या असोत की ठाण्याच्या, त्यांत बहुधा तीन रकाने आखलेले असतात. पहिल्यात फ्रेंच शब्द, दुसऱ्यात त्याचा उच्चार देवनागरीत, तिसऱ्यात अर्थ. मधला रकाना लिहायला कुणी सांगितलेले नसते. फ्रेंच शब्दात अक्षरे दिसतात एक आणि ऐकू येते भलतेच, तेव्हा विसरू नये म्हणून विद्यार्थी स्वतःहूनच तो भरू लागतो. महिन्याभरात पाने भरतात आणि अभ्यास नीट चालल्याचे समाधान मिळते. स्वतः फ्रेंच शिकताना आणि पुढे शिकणाऱ्यांची प्रगती जवळून पाहताना माझे एक मत पक्के झाले आहे. व्याकरण, लिंगभेद, क्रियापदांची रूपे यांची भीती नवशिक्याला सगळेच घालतात, पण त्याचे सर्वांत जास्त नुकसान हा मधला रकाना करतो. तो भरू नये, आणि भरला असेल तर झाकावा, एवढेच मला सांगायचे आहे. या लेखातही फ्रेंच शब्द देवनागरीतच छापावे लागणार आहेत. ते ओळखीपुरते घ्यावेत, उच्चारासाठी नव्हे.

देवनागरीवर आपला फार विश्वास असतो आणि मराठीपुरता तो रास्त आहे. जवळजवळ जसे लिहितो तसे वाचतो, म्हणून लिहिलेला उच्चार म्हणजे खरा उच्चार अशी आपली धारणा लहानपणीच बनते. अडचण अशी की फ्रेंचमधले कित्येक स्वर या लिपीत नाहीत. ओठ 'ऊ' म्हणताना करतो तसे गोल करायचे आणि जीभ मात्र 'ई'च्या जागी ठेवायची, की एक स्वर निघतो. तो फ्रेंचमध्ये पावलोपावली येतो. आपण तोही 'ऊ' लिहितो आणि साधा 'ऊ'देखील 'ऊ'च लिहितो. परिणामी 'वर' आणि 'खाली' अशा थेट उलट अर्थांचे दोन शब्द वहीत एकसारखेच 'दसू' होऊन बसतात. 'रस्ता' आणि 'चाक' दोन्ही 'रू' होतात. कुणी हुशारीने त्या स्वरासाठी 'यू' लिहितो, तर त्यात 'य' मिसळतो आणि तिसराच आवाज तयार होतो. दोन वाजता आणि बारा वाजता हे फ्रेंचमध्ये सांगताना फरक पडतो तो एकाच स्वराचा. तो स्वर ज्याच्या कानाने कधी वेगळा टिपला नाही, त्याला कुणी फोनवर भेटीची वेळ दिली तर वही कितीही नेटकी असली तरी तिचा उपयोग होत नाही.

अनुस्वाराची गोष्ट तर आणखी बारकाईने पाहण्यासारखी आहे. मराठीत अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतो. 'अंक', 'अंत' आणि 'अंबा' या तिन्हींत वर टिंब एकच, पण नाकातले व्यंजन वेगवेगळे. फ्रेंचमधले अनुनासिक स्वर हे निव्वळ स्वर असतात, त्यांच्यामागे न किंवा म यायचा नसतो. असे स्वर मराठीत पूर्वी होते. प्रमाण उच्चारातून ते गेले, आणि १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी त्यांच्या खुणा असलेले अनुच्चारित अनुस्वारही लेखनातून काढले. कोकणी आणि मालवणीत ते अजून जिवंत आहेत, त्यामुळे घरी त्या बोलीत बोलणाऱ्याला फ्रेंचचे अनुनासिक लवकर कळतात. बाकीचे आपण 'बों' असे टिंब देऊन लिहितो आणि वाचताना 'बोन' म्हणतो. फ्रेंचमध्ये 'चांगला' म्हणताना नुसता अनुनासिक स्वर असतो आणि 'चांगली' म्हणताना तो अनुनासिक जाऊन शेवटी स्पष्ट 'न' येतो. म्हणजे लिंगभेद ज्या एका गोष्टीवर उभा आहे तीच टिंबाखाली दडपली जाते, आणि मग विद्यार्थी म्हणतो की फ्रेंचमधली लिंगे फार अवघड आहेत. 'ज' आणि 'झ'चेही तसेच. मराठीत 'जग' आणि 'जन्म' यांतले 'ज' आधीच वेगळे आहेत. त्या अक्षरांवर फ्रेंचचे आणखी दोन घर्षक ध्वनी लादले, तर कुठे कोणता म्हणायचा हे वही सांगू शकत नाही.

बरे, एकेका शब्दाचा उच्चार समजा अचूक लिहिता आला, तरी प्रश्न सुटत नाही, कारण फ्रेंच शब्द एकटा असताना एक असतो आणि शेजाऱ्याबरोबर दुसराच होतो. 'त्यांच्याकडे आहे' हे सांगणारे दोन शब्द सुटे म्हटले तर 'इल' आणि 'ओं', पण एकत्र आले की मधला मुका 'एस' जागा होऊन 'इल्झों' होते. 'ते आहेत' यासाठी 'इल्सों'. 'असणे' आणि 'जवळ असणे' या दोन पायाभूत क्रियापदांमधला फरक येथे 'स' आणि 'झ' एवढ्यावर आला. 'ले एरो' म्हणजे नायक, आणि तेथे नसलेला 'झ' जोडून 'ले झेरो' म्हटले की त्या नायकांचे शून्य होतात. 'मला माहीत नाही' हे वाक्य पाठ्यपुस्तकात चार शब्दांचे असते, तेच रोजच्या बोलण्यात बहुतेकांच्या तोंडी 'शेपा' एवढेच उरते. शब्दांची यादी करून ठेवलेल्या रकान्यात हे काहीच मावत नाही. ऐकणाऱ्यापर्यंत वाक्ये येतात ती सलग, आणि त्याने तयारी केलेली असते सुट्या तुकड्यांची. चार-सहा महिने शिकूनही फ्रेंच माणसे फार भरभर बोलतात अशी तक्रार बहुतेक जण करतात, तिचे मूळ मला वेगापेक्षा येथे जास्त दिसते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की फ्रेंच लेखनच इतके विचित्र आहे की देवनागरीचा आधार घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. पहिला भाग खरा आहे. हाताच्या बोटासाठी जो शब्द आहे त्यात शेवटी 'जी' आणि 'टी' ही अक्षरे लिहितात, उच्चार मात्र 'द्वा'. त्यातला 'जी' मूळ लॅटिन शब्दाची आठवण म्हणून पंडितांनी मागाहून घातला. काळ या अर्थाच्या शब्दातला 'पी'ही तसाच. शब्दांच्या शेवटची व्यंजने बोलण्यातून गळत गेली आणि कागदावर राहिली. फ्रेंच अकादमीने १७४०च्या कोशात अनेक मुके 'एस' काढले, १८३५मध्ये आणखी काही लेखन उच्चाराजवळ आणले, पण मुकी अक्षरे उरलीच. 'बोलणे' या क्रियापदाची मी, तू, तो आणि ते यांच्यासाठी लिहिण्यात तीन रूपे आहेत, कानाला चारही ठिकाणी एकच 'पार्ल' येते. आक्षेपाचा दुसरा भाग मात्र मला मान्य नाही. फ्रेंच ऐकून लिहिणे अवघड आहे, इतके की फ्रान्समध्ये श्रुतलेखनाच्या स्पर्धा दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे गाजल्या. लिहिलेले वाचणे मात्र इंग्रजीपेक्षा पुष्कळ नियमबद्ध आहे. तीन-चार वेगवेगळ्या अक्षरजोड्यांचा उच्चार 'ओ' होतो आणि तो जवळजवळ नेहमीच 'ओ' होतो. शेवटचे व्यंजन बहुधा मुके असते, 'सी', 'आर', 'एफ', 'एल' हे त्यातल्या त्यात पुष्कळदा बोलणारे. हे नियम थोडे आहेत आणि कान तयार असेल तर काही आठवड्यांत अंगवळणी पडतात. रकाना भरणारा विद्यार्थी ते शिकतच नाही, कारण त्याची नजर मूळ अक्षरांवरून घसरून थेट देवनागरीवर जाते. ज्या अडचणीवर उपाय म्हणून रकाना आला ती त्यानेच कायम राहते.

प्रौढ माणसाला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लक्षात राहत नाही, हा दुसरा आक्षेप. तो अनुभवाला धरून आहे, म्हणून लिहिणे बंद करा असे मी म्हणत नाही. क्रम बदला असे म्हणते. १९५०च्या दशकात फ्रान्समध्ये भाषाशास्त्रज्ञ झॉर्झ गूगेनाईम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य माणसांची संभाषणे ध्वनिमुद्रित करून त्यांतून परदेशी विद्यार्थ्यांसाठी पायाभूत शब्दांची यादी तयार केली. त्यानंतर आलेल्या 'व्हुआ ए इमाज द फ्रांस' या दृक्-श्राव्य पाठ्यक्रमात चित्र आणि आवाज आधी होते, लेखन मुद्दाम उशिरा येई. ती पद्धत पुढे मागे पडली, ती एकसुरी होती आणि प्रौढांना कागदाविना फार काळ ठेवी, हेही मान्य केले पाहिजे. पण तिच्यातली एक गोष्ट अजून खरी वाटते: अक्षर दिसण्याआधी आवाज मनात बसलेला असला, तर अक्षर त्या आवाजाची खूण होते. उलट क्रमाने गेलो तर आवाज अक्षराच्या मागे फरफटत येतो.

अकरावी-बारावीत फ्रेंच गुणांसाठी घेतली जाते, तेथे कानाचे काय काम, असेही विचारले जाईल. तेथे गुण प्रामुख्याने लेखी उत्तरांचे असतात, हे खरे. ज्याला फ्रेंच तेवढ्यापुरतीच हवी आहे त्याच्याशी माझा वाद नाही. पण पुढे डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसायचे ठरले की हिशेब बदलतो. तेथे ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चारही भागांना पंचवीस-पंचवीस गुण असतात. उत्तीर्ण व्हायला शंभरात ५० लागतात आणि प्रत्येक भागात किमान ५. म्हणजे निम्मी परीक्षा कानाची आणि जिभेची. कॅनडाने २०२३मध्ये फ्रेंच जाणणाऱ्या स्थलांतरितांसाठी वेगळी निवड सुरू केली, तेव्हापासून मराठी तरुणांची पावले फ्रेंचच्या वर्गांकडे मोठ्या आशेने वळू लागली आहेत. त्या निवडीत चारही अंगांत कॅनडाच्या फ्रेंच मापनपट्टीवरची किमान सातवी पायरी गाठावी लागते. लेखनातली सरशी ऐकण्यातली उणीव भरून काढत नाही. त्यासाठी माणसे नोकरी सांभाळून, घरच्यांचा वेळ आणि पैसा घालून शिकतात, म्हणून हे कळकळीने लिहावेसे वाटते.

कुणी म्हणेल, उच्चार थोडा मराठी राहिला तर काय बिघडले? काहीच नाही. सेनेगलची फ्रेंच वेगळी, क्वेबेकची वेगळी, बेल्जियमची वेगळी. आपला 'र' जिभेच्या टोकाचा राहिला तरी कुणाचे अडत नाही. लहेजा आणि भेद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'वर' आणि 'खाली' वेगळे ऐकू येणे, वेगळे म्हणता येणे, एवढा भेद हवाच. आणि काही बाबतींत मराठी जीभ आधीच तयार आहे. फ्रेंचचे 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांजवळचे आहेत, 'प' आणि 'क' आपल्यासारखेच हवेच्या झोताशिवायचे. तरी आपण फ्रेंचमध्ये 'ट' आणि 'ड' घुसवतो, कारण शब्द इंग्रजीसारखा दिसला की इंग्रजी वाचन सुरू होते.

मग करायचे काय? पहिले पाच-सहा आठवडे पुस्तकाच्या ध्वनिफितीतला अर्ध्या मिनिटाचा तुकडा रोज घ्यावा, पुस्तक मिटून तो तीन-चार वेळा ऐकावा, मग आवाजाबरोबर आवाज मिळवून म्हणावा, आणि त्यानंतरच छापील मजकूर उघडावा. मुकी अक्षरे पेन्सिलीने छेदावीत, जोडून म्हणायच्या शब्दांखाली कंस काढावा. फसव्या जोड्यांचा सराव दोघांनी करावा: एकाने 'वर' किंवा 'खाली' म्हणायचे, दुसऱ्याने बोट दाखवायचे. साठपासून नव्व्याण्णवपर्यंतचे आकडे पाढ्यांसारखे तोंडीच घोकावेत. फ्रान्समध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा आणि ऐंशी म्हणजे चार वीस, आणि दूरध्वनी क्रमांक दोन-दोन अंकांनी सांगतात, तेव्हा 'साठ' ऐकताच सहा लिहिणारा हात पुढच्या 'बारा'ला अडखळतो, कारण आकडा बहात्तर असतो. टीव्ही ५ मोंदच्या संकेतस्थळावर अगदी ए१ या पहिल्या पातळीचे ध्वनिचित्रपाठ विनामूल्य मिळतात. वर्ग निवडताना शिक्षक पहिल्या आठवड्यात किती वेळ फ्रेंच बोलतात आणि ध्वनिफिती वर्गात वाजतात का, हे विचारावे. उच्चाराची खूण हवीच असेल तर फ्रेंच शब्दकोशांत चौकटी कंसात दिलेली आंतरराष्ट्रीय ध्वनिचिन्हे शिकावीत. त्यांतली अनोळखी चिन्हे डझनभरच आहेत. ती अनोळखी असल्यामुळेच प्रत्येक वेळी आवाज आठवावा लागतो, देवनागरीसारखी ती आवाजाची जागा घेत नाहीत.

ज्यांच्या वह्या आधीच भरल्या आहेत त्यांनी त्या टाकून देऊ नयेत. मधल्या रकान्यावर कागदाची पट्टी चिकटवावी, पहिल्या धड्यापासूनच्या ध्वनिफिती पुन्हा लावाव्यात आणि रोज एक धडा या गतीने पुढे यावे. शब्द आणि अर्थ ठाऊक असल्याने हे काम पहिल्या वेळेइतके लांबत नाही. ए२पर्यंत आलेल्याने बी१चे शुल्क भरण्याआधी हे उरकून घ्यावे.